खाऱ्या चिखलातली विकरं

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा माझ्या फोनवर लवणासुराच्या रक्तापासून जगबुडीपर्यंत सगळं येऊन गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, रंगामागे हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव निघाले आणि बिचारा असुर सुटला. रंगाचं कौतुक झालं. मिठात जगणाऱ्यांच्या कसबाचं मात्र राहूनच गेलं. ते बघायला लोणारही नको. कोकणात उधाणाला खारबंदिस्तीला खांड पडते, शेतात खारं पाणी घुसतं, भात जातं. मागे उरलेल्या पांढुरक्या मातीत मीठप्रेमी जिवाणू खुशाल नांदतात.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. जंतूंच्या पेशीतलं पाणीही मीठ असंच ओढतं, म्हणून तर लोणचं टिकतं. खाऱ्या मातीतले बरेच जिवाणू मीठ पेशीबाहेरच अडवतात आणि आत एक्टोइनसारखे छोटे रेणू साठवून हा ओढा तोलतात. पाऊस पडून मीठ एकदम उतरलं, तर फुगून फुटू नये म्हणून एक्टोइन बाहेर टाकतात. कारखान्यात हॅलोमोनास इलाँगाटा या जिवाणूला आधी खाऱ्या, मग कमी खाऱ्या पाण्यात घालून चक्क त्याची धार काढतात. ते एक्टोइन त्वचेच्या क्रीममध्ये जातं.

पण घरात सोय झाली तरी जेवण बाहेर आहे. स्टार्चचा रेणू पेशीत मावत नाही, म्हणून तो तोडायला जिवाणू विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतो. त्यांना एक्टोइनचं पांघरूण नाही.

विकर म्हणजे नेमकी घडी बसलेला प्रथिनाचा धागा, भोवती पाण्याचा पातळ थर. मीठ वाढलं की त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, पाणी स्वतःभोवती अडकवतात. साधी विकरं उघडी पडतात, एकमेकांना चिकटतात आणि साका तळाशी बसतो. अस्सल मीठप्रेमी विकराच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक या ऋणभारी अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या धाग्यातल्या मण्यांची) दाटी असते, धनभारी लायसिन कमी. या आम्लांच्या कार्बॉक्सिल गटांचे ऋणभार पाणी आणि धनआयन दोन्ही धरून ठेवतात. आता तेच विकर गोड्या पाण्यात टाका. ऋणभार झाकायला आयन नाहीत. शेजारी शेजाऱ्याला ढकलतो आणि घडी उसवते. मिठावाचून त्याला उभंही राहता येत नाही!

शोधायची रीत साधी. चिमूटभर माती खाऱ्या पाण्यात कालवायची, मीठ आणि स्टार्च घातलेल्या आगर-जेलीच्या बशीत पसरायची. काही दिवसांनी आयोडीन ओतलं की बशी निळीकाळी होते. जिनं स्टार्च फस्त केला त्या वसाहतीभोवती फिकट कडं उरतं. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग, तोच. स्टार्चऐवजी दुधाची पावडर घातली तर प्रथिनं तोडणारे सापडतात.

खारवलेली मासळी मुरवायला किंवा चामड्याच्या खारट सांडपाण्यात अशी विकरं कामाची. अल्कोहोलसारख्या सेंद्रिय द्रावकातही पाण्याचा तुटवडाच असतो, तिथेही काही टिकतात. मात्र कपड्यांच्या पावडरीत ‘समुद्री विकरांची शक्ती’ असं कुणी विकायला आलं तर हसून सोडा. तिथली प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, बहुतांशी बॅसिलस जिवाणूंची असतात.

अडचण वेगळीच आहे. २० टक्के मिठात जिवाणू वाढवायचे तर स्टीलच्या टाक्या गंजतात. म्हणून विकराचा जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घालून पाहतात. पण ई. कोलायच्या पोटात एवढं मीठ कुठलं? विकराची घडीच बसत नाही, नुसता गोळा होतो. मग तो युरियात विरघळवून मिठाच्या द्रावणात पुन्हा घडी घालत बसायचं, नाहीतर मृत समुद्रातल्या हॅलोफेरॅक्स व्होल्कानी या मीठप्रेमी सूक्ष्मजीवालाच कामाला जुंपायचं.