सूज नेमकी कुठली? : लठ्ठपणा, दाह आणि इन्सुलिन रेझिस्टन्सच्या संशोधनाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या लॅबमध्ये 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात आता सीआरपी नावाची एक तपासणी असते; शरीरातला दाह, म्हणजे इंग्रजीतलं इन्फ्लमेशन, किती आहे ते ती रक्तातून सांगते. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापून आला, की कुणीतरी सांगतं, अंगात सूज आहे. मग माणूस घोट्यावर बोट दाबून बघतो, खड्डा पडतो का. "मना आंगवर ते कोठेच सूज नही शे, मंग हाई काय लिखेल शे?" या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर गेल्या तीस वर्षांचं संशोधन उलगडावं लागतं. त्यातला निम्मा गोंधळ विज्ञानाचा आहे आणि निम्मा आपल्या शब्दाचा.

जुना काळ थोडक्यात सांगतो. १८७६ मध्ये जर्मनीतल्या एका डॉक्टरने मधुमेहींना सोडियम सॅलिसिलेट दिलं आणि लघवीतली साखर उतरल्याचं नोंदवलं. सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं, ताप नि सांधेदुखीवरचं औषध. १९०१ मध्ये इंग्लंडमधूनही तशीच नोंद आली. १९२२ मध्ये इन्सुलिन माणसाला टोचलं गेलं आणि या नोंदी मागे पडल्या. १९३६ मध्ये लंडनमध्ये दिसलं, की तेवढ्याच इन्सुलिनने काहींची साखर झपकन उतरते, काहींची हलतही नाही. १९६०च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजता येऊ लागलं, तेव्हा उतारवयात शुगर झालेल्या कितीतरी जणांच्या रक्तात ते भरपूर सापडलं. म्हणजे माल होता, खप नव्हता. इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. १९८८ मध्ये एका गाजलेल्या व्याख्यानात इन्सुलिन रेझिस्टन्स, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांची मोट 'सिंड्रोम एक्स' या नावाने बांधली गेली. त्या मोटेत लठ्ठपणा मुद्दाम घेतला नव्हता, कारण सडपातळ माणसांतही रेझिस्टन्स दिसत होता. ही गोष्ट नंतर सगळे विसरले. खान्देशासाठी मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

खरा कलाटणीचा काळ १९९३ ते २००५. तोवर चरबी म्हणजे नुसता साठा, अशी समजूत होती. १९९३ मध्ये बॉस्टनच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा रेणू सापडला. हा रेणू ओळखीचा होता तो कॅन्सरसारख्या आजारात शरीर झिजवणारा म्हणून. माणसाला वाळवणारी चीज फुगलेल्या चरबीत मिळावी, याने सगळे चक्रावले. हा रेणू निष्प्रभ केला तेव्हा त्या उंदरांवर इन्सुलिन पुन्हा चांगलं लागू पडू लागलं. पुढच्याच वर्षी लेप्टिन हे चरबीतून सुटणारं, भूक आवरणारं संप्रेरक सापडलं आणि चरबी स्वतः संप्रेरकं (हॉर्मोन) सोडते हे पक्कं झालं.

२००१ मध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीचं सॅलिसिलेट परत आलं. ते पेशीतला दाहाचा एक खटका बंद करतं आणि म्हणून इन्सुलिनचा निरोप आतपर्यंत पोचतो, असं उंदरांत दाखवलं गेलं. २००३ च्या अखेरीस दोन शोधनिबंध एकाच अंकात छापून आले. लठ्ठ शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू नि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने शिरतात. दहा टक्क्यांच्या आत असणारं त्यांचं प्रमाण लठ्ठ माणसांत चाळीस टक्क्यांच्या जवळ जातं. दोन वर्षांनी कळलं, की त्या बहुतेक मरणाऱ्या चरबीपेशींभोवती कडं करून बसलेल्या असतात.

आता शब्दाकडे येतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन ग्रंथात दाहाची चार लक्षणं दिली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. मराठीत आपण त्या चारांपैकी एक उचललं आणि अख्ख्या प्रक्रियेला तेच नाव दिलं. चरबीतल्या या प्रकारात चारांपैकी एकही लक्षण डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. 'शोथ' म्हणावं तर आयुर्वेदात त्याचा पहिला अर्थ फुगवटाच. सुश्रुताचा 'व्रणशोथ' त्यातल्या त्यात जवळचा. पण आम, पच्यमान, पक्व या त्याच्या अवस्था पिकून फुटणाऱ्या गळवाच्या आहेत. चरबीतला दाह पिकत नाही, फुटत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. नुसतं 'दाह' म्हटलं तर ऐकणाऱ्याला छातीतली जळजळ आठवते. जुन्या मराठी वैद्यकीय लिखाणात 'दाहयुक्त सूज' असा जोडशब्द असायचा. तो बोजड होता, पण प्रामाणिक होता. वर्तमानपत्री मजकुरात त्यातलं 'दाहयुक्त' गळलं आणि 'सूज' उरली.

हा शब्दांचा कीस काढण्याचं कारण आहे. सूज म्हटलं की माणूस मीठ कमी करतो, पुनर्नव्याचा काढा घेतो, नाहीतर मेडिकलवर जाऊन 'सुजेची गोळी' मागतो. ती गोळी म्हणजे बहुतेक वेळा वेदनाशामक. शुगरवाल्याची किडनी आधीच ताणाखाली असते आणि अशा गोळ्या मनानेच घेत राहिल्या तर ती आणखी बिघडू शकते. एक चुकीचा शब्द थेट गोळीपर्यंत पोचतो. इंग्रजीतही जुना शब्द अपुरा पडलाच. २००६ मध्ये संशोधकांनी त्यासाठी 'मेटाफ्लेमेशन' असा नवा शब्द वापरायला घेतला. मराठीत मी 'धुमसता दाह' म्हणेन. भरताची वांगी भाजून झाल्यावर कपाशीच्या काड्यांची राख वरून थंड दिसते आणि हात घातला की चटका बसतो. हे कुठल्याही खान्देशी घरात समजावून सांगावं लागत नाही.

दाह शमवला की शुगर बरी होईल, असं मात्र घडलं नाही. टीएनएफ-अल्फा अडवणारी प्रतिद्रव्यं १९९६ मध्येच मधुमेहींना देऊन पाहिली होती. फरक पडला नाही. सॅलिसिलेट कुळातल्या सॅलसलेटची ४८ आठवड्यांची चाचणी २०१३ मध्ये छापून आली. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, सरासरी ०.३७ ने उतरली, पण वाईट कोलेस्टेरॉल नि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन वाढलं. २०१७ मध्ये दहा हजारांवर हृदयरुग्णांवर दुसऱ्या एका दाहरोधक इंजेक्शनची चाचणी झाली. त्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले. नवीन मधुमेह मात्र थांबला नाही. त्याआधी २०१४ मध्ये उंदरांत उलटच दिसलं होतं: चरबीतला दाह पुरता दाबला तर चरबी नीट वाढू शकत नाही, ती यकृतात साचते आणि साखर आणखी बिघडते. म्हणजे थोडा दाह दुरुस्तीसाठी लागतोच. दाह आधी की रेझिस्टन्स आधी, हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादातली एक बाजू मला जास्त पटते: कणगीची. कातडीखालची चरबी ही कणगी, म्हणजे धान्य साठवायची कोठी. ती मोठी असेल तर बरंच पीक मावतं. लहान असेल तर थोड्या पिकातच दाणे घरभर सांडतात, म्हणजे चरबी यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती जाते. ज्यांच्या अंगात जन्मतःच चरबी जवळजवळ नसते, त्यांनाही तीव्र इन्सुलिन रेझिस्टन्स होतो, हा या बाजूचा भक्कम पुरावा. आपल्याकडे कणगी लहान आहे याचा पुरावा महाराष्ट्रातूनच आला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा पाठपुरावा झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बारीक होती, पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००८ मध्ये त्याच अभ्यासातून दिसलं, की सुमारे दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि ज्यांचं बी-१२ कमी नि फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वांत जास्त होता. माझ्या मते हे काम २००३ च्या मॅक्रोफेजइतकंच मोठं आहे, पण पाठ्यपुस्तकांत त्याला जागा अगदी थोडी मिळते.

वजनाच्या मर्यादांचा इतिहासही यालाच जोडलेला आहे. जगभर बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ ला जादा वजन आणि ३० ला लठ्ठपणा मानतात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी थेट २३ आणि २५ धरले, शिवाय कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला जागतिक मापाने ऐंशी किलोला लठ्ठ म्हणतील, भारतीय मापाने सहासष्टला. २०२५ च्या जानेवारीत भारतीय व्याख्या पुन्हा बदलली. आता कंबर आणि वजनामुळे शरीराला झालेला त्रासही टप्पा ठरवताना पाहतात.

पूर्वीच्या एका खान्देशाचे आज तीन जिल्हे आहेत आणि तिन्हींत हा प्रश्न सारखा नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मोटारसायकल, ठिबक आणि ट्रॅक्टर आले, अंगमेहनत घटली. तिथे कंबरेचा टेप बोलतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात कमी वजनाची बाळं हीच अजून मोठी चिंता आहे, म्हणजे लहान कणगीचा प्रश्न तिथे जन्मापासूनच सुरू होतो. शिवाय तिथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची शुगर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. ज्याला आजार नाही, पण जनुक आहे, अशा नुसत्या वाहकातही तपासणीच्या पद्धतीनुसार आकडा चुकू शकतो. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर दोन्ही पाहिल्याशिवाय एचबीए१सीच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही.