डीएनए एकदा बिघडला की कायमचा?

डीएनएला इजा फक्त किरणोत्सर्गाने किंवा रसायनांनी होते आणि ती कायमची असते, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. पेशीतल्या साध्या पाण्यामुळेही एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडतो. कधी सायटोसिनचा, म्हणजे डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी एकाचा, अमिनो गट (नायट्रोजन असलेला छोटा भाग) गळून युरॅसिल तयार होतो. युरॅसिल हा आरएनएतला, म्हणजे डीएनएच्या भावंड-रेणूतला. डीएनएत तो उपराच. त्याला हुडकणारं विकर (एन्झाइम) त्याला साखळीबाहेर वळवून आपल्या खाचेत घेतं आणि कापून टाकतं. मग इतर विकरं समोरच्या साखळीतला ग्वानिन, म्हणजे सायटोसिनचा जोडीदार, पाहून तिथे पुन्हा सायटोसिन बसवतात. किती सुंदर आहे हे! डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन असतो, म्हणूनच ही चूक ओळखू येते. हा छडा लावणारे शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. काही चुका निसटतात, हेही खरं. त्या साठल्या तर कर्करोगाचा धोका वाढतो.