बारमधे भेटलो म्हणजे आधी फोनवर भेटलो

अमेरिकेत २०१० नंतर एक गंमत दिसायला लागली, "आम्ही बारमधे भेटलो", "रेस्टॉरंटमधे भेटलो" असं सांगणारी जोडपी एकदम वाढली. आता लोक अचानक जास्त बारमधे जायला लागले असं तर नव्हतं. स्टॅनफर्डचा समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्याची टीम लोकांना "तुम्ही दोघं भेटलात कसे" हे विचारते, नुसती टिकमार्क नाही तर सगळा किस्सा लिहून मागते. ते किस्से वाचले तेव्हा कळलं की यांची ओळख आधीच ऑनलाइन झालेली, बार फक्त पहिल्यांदा समोरासमोर बसायची जागा. अशी जोडपी बाजूला काढली तर वाढ गायब!

१९९५ मधे भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी जेमतेम २ टक्के ऑनलाइन भेटले होते, २०१७ मधे तोच आकडा साधारण ३९ टक्के. आणि मित्रमैत्रिणींमुळे भेटणारे ३३ वरून २० टक्क्यांवर आले. मला यात खरी बातमी ही दुसरी वाटते. आपल्याकडे स्थळ आणणारी आत्या किंवा काकू असते ना, तिथे ते काम मित्र करायचे, कोणीतरी दोन्हीकडचा असायचा आणि मधे गडबड झाली की त्याचाच कान धरता यायचा. अ‍ॅपवर तो मधला माणूसच नाही, दोघं एकमेकांना पूर्ण अनोळखी.

त्याच्याही आधी तर अंतरच सगळं ठरवायचं. जेम्स बोसार्ड नावाच्या संशोधकाने १९३० च्या सुमाराला फिलाडेल्फियातले ५,००० विवाह परवाने काढून दोघांचे पत्ते ताडून बघितले, तर एक तृतीयांश जोडपी एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या (एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर म्हणजे एक ब्लॉक) आत राहणारी निघाली. म्हणजे आयुष्याचा जोडीदार जवळपास गल्लीतच.

ज्यांना गल्लीत कोणी सापडणं मुळातच कठीण त्यांना ऑनलाइनचा फायदा जास्त, हे ओघानेच आलं. समलिंगी जोडप्यांचंच बघा ना, आसपास आपल्यासारखं कोण आहे हे कळतच नाही आणि विचारायची सोय नाही, त्यामुळे तिथे २०१७ पर्यंत साधारण ६५ टक्के जोडपी ऑनलाइन भेटत होती. स्मार्टफोनच्या खूप आधीपासून हे लोक यात पुढे होते.

मग अ‍ॅपचं गणित "तुमच्यासाठी परफेक्ट" माणूस शोधून देतं का? इथे मात्र माझा विश्वास जरा डळमळीत आहे. २०१७ मधे समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकल यांनी स्पीड डेटिंगला आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींकडून आधी लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, स्वभाव, आवडीनिवडी, कसा जोडीदार हवा, सगळं मिळून शंभराच्या वर गोष्टी, मग त्यांना थोडा थोडा वेळ एकेकाला भेटवलं आणि सगळा डेटा मशीन लर्निंगला दिला. कोणाला एकूणच बरेच जण आवडतात आणि कोण एकूणच बऱ्याच जणांना आवडतो हे कॉम्प्युटरला थोडंफार सांगता आलं. पण हिला नेमका हाच का आवडला, बाकीच्यांपेक्षा जास्त, ते काही केल्या जमलं नाही.

आणि खरं सांगायचं तर प्रोफाइलमधे लिहिलेलं तरी काय असतं, वाचन, संगीत, प्रवास, ट्रेकिंग. मॅट्रिमोनी साइटवर तेच, डेटिंग अ‍ॅपवर तेच, फक्त तिथे कुत्र्यासोबत फोटो जास्त. समोरचा वेटरशी कसा बोलतो, तुमच्या फालतू जोकवर हसतो की मोबाइल बघतो, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून तर दोनशे प्रोफाइल सरकवून झाल्यावरही शेवटी कोणीतरी एक जण लिहितोच, "चल, कॉफीला भेटू."