जड शेपटीची वितरणे व जनरेटिव्ह मॉडेल

विरळ पण प्रचंड घटनांची शक्यता ज्या संभाव्यता वितरणात घातांकी वेगापेक्षा सावकाश घटते, ते जड शेपटीचे वितरण; शेपटी म्हणजे अशा विरळ मूल्यांचा टोकाचा भाग. अशा आकडेवारीवरून तिच्यासारखेच नवे नमुने तयार करायला मॉडेलला शिकवणे, हा या नोंदीचा विषय. ग्रामीण विदर्भात कापसाचे भाव आणि पावसाळ्यातला एकदिवसीय पाऊस ही त्याची जवळची उदाहरणे.

या वितरणांचा इतिहास साधारणपणे अर्थशास्त्रज्ञ पारेतोच्या १८९६ च्या सुमाराच्या उत्पन्नविषयक मांडणीपासून धरतात. बाजारभावांबाबत गणितज्ञ मँडेलब्रॉ यांचा १९६३ चा निबंध पायाभूत मानला जातो; त्यातले आकडे अमेरिकेतील कापसाचे होते. शेपटीचा घातांक, म्हणजे ती किती वेगाने घटते हे सांगणारा आकडा (तो जितका लहान, तितकी शेपटी जड), त्यांनी १.७ च्या आसपास काढला. तो २ च्या खाली असला की प्रमाण विचलन अनंत ठरते. पुढे शेअरभावांच्या अभ्यासांत घातांक ३ च्या जवळ आढळला व अनंत विचलनाचा आग्रह मागे पडला. हे नंतरचे मत अधिक ग्राह्य वाटते. शेपटी जड आहे, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. पावसासाठी घातांकी शेपटी पुरेशी असल्याचे पूर्वी सर्रास धरत. दीर्घ नोंदींवरील अलीकडचे काही अभ्यास जड शेपटीकडे झुकतात.

खरी अडचण मॉडेलच्या घडणीत आहे. २०१४ मध्ये मांडलेल्या गॅन पद्धतीत एक नेटवर्क नमुने बनवते व दुसरे ते खरे की बनावट हे ओळखते; बनवणाऱ्या नेटवर्कला बहुधा प्रसामान्य (घंटाकृती) वितरणाचा नॉइज, म्हणजे यादृच्छिक आकडे, देतात. प्रचलित नेटवर्क लिप्शिट्झ फलन असते, म्हणजे इनपुटमधील बदलाच्या ठरावीक पटीपलीकडे आउटपुट बदलू शकत नाही. त्यामुळे आकडेवारी कितीही पुरवली तरी आउटपुटची शेपटी हलकीच राहते. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन शिकवले तर सुधारणा होते, पण प्रसामान्य नॉइजवरून मिळणारे लॉग-प्रसामान्य वितरणही घात-नियमाची (मूल्याच्या ठरावीक घाताने घटणारी) शेपटी गाठत नाही. म्हणून नॉइजच बदलून जड शेपटीचा घेतात: स्टुडंट-टी, पारेतो किंवा लेव्ही वितरणाचा. नॉइज टप्प्याटप्प्याने काढत नमुना घडवणाऱ्या डिफ्यूजन मॉडेलांतही हाच मार्ग चोखाळला गेला आहे.

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. शेतातले पंचनामे त्यावर अवलंबून. सरासरी अचूक देणारे मॉडेल नेमके या आकड्याच्या वर तोकडे पडते, आणि नाल्यावरच्या रपट्याची उंची ठरवताना तोच भाग लागतो. वर्धा नदीच्या पुराने ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त झाले; तसा दिवस बहुतेक केंद्रांच्या नोंदीत एकदाही सापडत नाही. अशा वेळी ठरावीक उंबरठ्यापेक्षा जास्त पावसाच्या दिवसांना सामान्यीकृत पारेतो वितरण (उंबरठ्यापलीकडच्या मूल्यांसाठीचे) बसवावे आणि शेजारच्या मंडळांतील पावसाचा परस्परसंबंध तेवढा नेटवर्ककडे सोपवावा, हे श्रेयस्कर.