मोड बदलला, मीटर तेच

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट भर उन्हात टिपला, की नवशिक्याच्या फोटोत तो हमखास राखाडी येतो. मग खापर ऑटोवर फुटतं आणि डायल थेट 'एम'वर (मॅन्युअल, सगळे आकडे स्वतः ठरवायचा मोड) जातो. दोष मोडचा नसतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला उजेड फार वाटतो, म्हणून ते फोटो गडद करतं. काळ्या मारबतीने (नागपूरच्या मिरवणुकीतला मोठा पुतळा) चौकट भरली की नेमकं उलट होतं, काळा रंग करडा येतो. 'पी' (शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो), 'ए' (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो), 'एस' (शटर आपण ठरवतो) हे तिन्ही मोड याच मीटरचं ऐकतात. 'एम'मध्येही मीटरचा काटा शून्यावर आणून ठेवला तर फोटो तोच येणार! खरा उपाय अधिक-उण्याच्या बटणात (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणारं) आहे. घुमटासाठी +१ (एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड), मारबतीसाठी −१ (निम्मा) पासून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) पाहून थोडं मागेपुढे करा.

मोडने ठरतं ते एवढंच, की कोणती किल्ली आपल्या हातात ठेवायची.

शिकण्यासाठी आम्ही 'ए' सुचवतो. कॅननवर तो 'एव्ही'. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफ-आकडा लहान तेवढं ते मोठं) तुमचं, शटर (उजेड किती वेळ आत येतो) कॅमेऱ्याचं. मागचं किती धूसर व्हावं हे यातच सर्वांत लवकर कळतं. फक्त शटरच्या आकड्यावर नजर हवी. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) १०० आणि एफ/१६ ला शटर साधारण १/१०० सेकंद येतं. ५० मिमीची लेन्स एफ/१.८ वर पूर्ण उघडली तर १/८००० लागेल, आणि पुष्कळ साध्या कॅमेऱ्यांचं शटर १/४००० वरच थांबतं. आकडा लुकलुकू लागतो, फोटो पांढराफटक येतो. एफ/२.८ वर या. १/३२०० मध्ये काम होतं. संध्याकाळी फुटाळा तलावावर अडचण दुसऱ्या टोकाची. शटर गुपचूप १/१५ वर घसरतं आणि माणसं हललेली येतात. ऑटो आयएसओ लावून किमान शटर १/१२५ आणि कमाल आयएसओ ३२०० ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

'एस' (कॅननवर 'टीव्ही') हालचालीसाठी. मिरवणुकीत नाचणारे पाय थांबवायला १/५००; जाणाऱ्या स्कूटरसोबत कॅमेरा फिरवून मागचा रस्ता ओढल्यासारखा हवा असेल तर १/३०. आभाळ भरून आलेलं असताना १/१००० मागाल, तर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) झूम केल्यावर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ १०० वर अडकलेला असेल तर फोटो काळवंडतो.

'पी' घाईच्या वेळी ठीक.

'एम' कधी? प्रकाश तोच आणि समोरचे रंग बदलते असतील तेव्हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत, काळी मारबत आणि बडगे (मिरवणुकीतले छोटे पुतळे) एकाच ढगाळ उजेडात समोरून जातात. 'ए'मध्ये प्रत्येकाचा फोटो वेगळ्या उजेडाचा येतो. त्याच प्रकाशात आपला तळहात धरा, स्पॉट मीटरने (चौकटीतला छोटा भागच मोजणारं) मोजा आणि काटा साधारण +१ वर येईल असं शटर जुळवा, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा जवळपास एक स्टॉप उजळ असतो. मग काहीही समोर आलं तरी आकडे हलवू नका. ढग सरकून ऊन पडलं की मात्र पुन्हा मोजा. आणि ऑटो आयएसओ आधी बंद करा. तो चालू राहिला तर 'एम'मध्येही कॅमेरा आयएसओ खालीवर करत राहतो, आणि काळी मारबत पुन्हा करडीच येते.