पेअर झालंय, मग जोडलं का जाईना?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोबाइलवरचं मोजमापाचं अ‍ॅप ब्लूटूथने कॉम्प्युटरला जोडलं जाईना, की शेजारचा हमखास सांगतो, "पेअर काढून परत करा की." सल्ला बरोबर, पण अर्धाच. नोंद मोबाइलवरून काढली जाते, कॉम्प्युटरवर तशीच राहते, आणि पुढची झटापट तिथूनच सुरू होते.

पेअरिंगमध्ये दोन यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. प्रत्यक्ष जोडणी त्यानंतर दर वेळी नव्याने होते, त्याच किल्लीच्या भरवशावर.

गंमत अशी, की ही किल्ली हवेतून जातच नाही. दोघं एकाच पातेल्यातला, सगळ्यांना ठाऊक असलेला रस्सा घेतात. प्रत्येक जण त्यात आपला गुप्त मसाला टाकतो, भांडी अदलाबदल होतात आणि समोरून आलेल्या भांड्यात पुन्हा आपला मसाला पडतो. दोघांकडे चव एकच! वाटेत दोन्ही भांडी चाखणाऱ्याला मात्र मसाले वेगळे काढता येत नाहीत. ब्लूटूथमध्ये मसाला म्हणजे एक अवाढव्य गुप्त संख्या आणि रस्सा म्हणजे इलिप्टिक कर्व्ह या गणितातल्या वक्ररेषेवरचा एक बिंदू. बिंदूला संख्येने गुणणं सोपं; उत्तरावरून ती संख्या हुडकणं व्यवहारात अशक्य. ही पद्धत 2007 मध्ये ब्लूटूथ 2.1 बरोबर आली. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथला ती 2014 मध्ये, 4.2 मध्ये मिळाली.

पडद्यावर येणारे सहा आकडे अनेकांना पासवर्ड वाटतात. ते आहेत ताळा. मध्ये कुणी तिसरा बसून दोघांशी वेगवेगळी किल्ली बनवत असेल, तर दोन्हीकडचे आकडे जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. तेव्हा न वाचता 'हो' दाबू नका.

आता मोबाइल रीसेट झाला, तर किल्ली एकाकडून गेली, दुसऱ्याकडे राहिली. कॉम्प्युटर 'पेअर्ड' दाखवत राहतो. ब्लूटूथच्या मानकात या बिघाडाला 06 हा क्रमांकही आहे, 'पिन किंवा किल्ली नाही' असा; पण बहुतेक अ‍ॅप्स ते न सांगता नुसती चकती फिरवतात. इलाज एकच: दोन्हीकडची नोंद काढा, मगच पेअर करा.

 

किल्ली ठीक असेल तर परवानग्या बघा. अँड्रॉइड 6 ते 11 मध्ये ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागायची, 12 पासून जवळपासच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी आली. आणि कॉम्प्युटरचा ब्लूटूथ डाँगल यूएसबी 3 च्या हार्ड डिस्कला खेटून असेल, तर तिचा रेडिओ गोंगाट नेमका ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डाँगल बाजूला घ्या.