‘कीचकवधा’तला कर्झन : एका अर्थाची पार्श्वभूमी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकाचे नाव निघाले की पुढचे समीकरण आपोआप येते. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री (अज्ञातवासातली द्रौपदी) म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. समीकरण खोटे नाही. पण ते कागदावर कधी आणि कोणाच्या हातून उतरले हे तपासले, तर खाडिलकरांच्या हेतूविषयी आपण जे छातीठोकपणे बोलतो त्यातले बरेचसे 1907 चे नसून 1910 चे आहे, हे लक्षात येते.

1907 मध्ये एका गद्य नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा कर्झन हिंदुस्थानात नव्हता. नोव्हेंबर 1905 मध्येच तो परतला होता. जाण्याआधीची त्याची कामगिरी मात्र लोक विसरले नव्हते : 1903 चा दिल्ली दरबार, सत्यनिष्ठेवर पाश्चात्त्यांचा हक्क सांगणारे कलकत्ता विद्यापीठातले 1905 चे भाषण, आणि त्याच वर्षीची बंगालची फाळणी. सत्तेच्या धुंदीतला, दुसऱ्याच्या अब्रूची पर्वा नसलेला कीचक पाहून प्रेक्षकाच्या मनात कोणाचा चेहरा येत असेल, याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही. धर्मराज-भीमाच्या जोडीबाबत मात्र तारखा बघाव्या लागतात. आज ही जोडी सुरतेच्या फुटीच्या संदर्भात सांगितली जाते. सुरत काँग्रेस झाली 1907 च्या डिसेंबरात, म्हणजे नाटक लिहिले जाताना ती व्हायची होती. मवाळ-जहाल कुरबुर आधीपासून होतीच, 1906 च्या कलकत्ता अधिवेशनातही ती दिसली. पण जोडे फेकून मोडलेली सभा आपण नंतर त्या प्रवेशांत घुसवली आहे.

पुढची तीन वर्षे नाटकासाठी फार महत्त्वाची ठरली. एप्रिल 1908 मध्ये मुझफ्फरपूरला बाँब पडला. जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले नशिबी आले आणि ‘केसरी’चा भार खाडिलकरांवर पडला. जुलै 1909 मध्ये लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी एका इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या कलेक्टरचा खून झाला, तोही नाटकगृहात, ‘शारदा’ बघायला आला असताना. मराठी नाटकाचे थिएटर हीच गुन्ह्याची जागा झाली होती. यानंतर जेमतेम महिनाभरात, जानेवारी 1910 मध्ये, ‘कीचकवधा’च्या प्रयोगांवर बंदी आली. नाटक तेच होते. ते ऐकणाऱ्या सरकारचे कान तेवढे तीन वर्षांत तिखट झाले होते.

त्याच जानेवारीत लंडनच्या एका बड्या वृत्तपत्रात या नाटकावर सविस्तर मजकूर आला. त्याचा आशय असा की कर्झनचे नाव रंगमंचावर कोणी उच्चारत नाही, छापील पुस्तकातही ते नाही, तरी थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक कोण, हे माहीत असते. द्रौपदी म्हणजे भारत, धर्म म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, अशी सगळी फोडही तिथेच आहे. पुढे ज्या ग्रंथावरून टिळकांनी विलायतेत अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि हरले, त्यातही हा मजकूर गेला. आपण अभिमानाने सांगतो ते समीकरण छापील रूपात सर्वांत ठळकपणे मांडले ते राजद्रोहाचा वास घेत फिरणाऱ्या विरोधी पक्षाने. समीक्षकांनी याची पुरेशी खंत बाळगलेली नाही, असे माझे मत आहे.

बंदीचा कायदाही मुळातून वाचण्यासारखा आहे. 1876 चा तो नाट्यप्रयोग कायदा बंगाली नाटकांना लगाम घालायला आणला गेला होता. प्रयोगामुळे सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव आहे, एवढे सरकारचे मत झाले की काम भागत होते. लेखकाच्या मनात काय होते, हे सिद्ध करावे लागत नव्हते. त्याला पिंजऱ्यात उभे करण्याचीही गरज नव्हती. त्यामुळे खाडिलकरांच्या हेतूची तपासणी या प्रकरणात कधी झालीच नाही. तपासले गेले ते प्रेक्षकांना काय कळते हे, आणि तेही वार्ताहराने व अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाने. नंतरच्या अभ्यासकांनी हा अंदाज उचलला आणि ‘नाटककाराचा हेतू’ या रकान्यात भरला.

नाटकाच्या बाजूने तेव्हा एक साधा बचाव होता : ही कथा विराटपर्वातली आहे. तो बचाव कातडीबचाऊ होता, पण पोकळ नव्हता. भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो तेव्हा भीमाला आवरणारा आणि तिला धीर धरायला सांगणारा युधिष्ठिर व्यासांचाच आहे. खाडिलकरांना मवाळ नव्याने निर्माण करावे लागले नाहीत, ते मूळ कथेत उभेच होते. म्हणून हेतू शोधायचा तर कथेच्या निवडीत शोधावा. अख्ख्या महाभारतातून, टिळकांच्या वर्तमानपत्रात बसून, फाळणीनंतरच्या दोन वर्षांत नेमका हाच प्रसंग का उचलला? चरित्राचा खरा उपयोग इथे आहे.

पण चरित्र हाताशी आले की माणूस तिथेच थांबत नाही. शतकाच्या सुरुवातीला खाडिलकर नेपाळात कौलांच्या कारखान्याच्या नावाखाली शस्त्रे तयार करण्याच्या खटपटीत होते, ही हकीकत कळल्यावर भीमाच्या प्रत्येक वाक्यात बंदूक दिसू लागते. मग नाटकातला तिढा, अज्ञातवास मोडायचा नाही आणि अपमानही गिळायचा नाही हा, बाजूला पडतो. माझ्या मते नाटकाचे बळ त्या तिढ्यात आहे.

याउलट खाडिलकरांच्या 1911 च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकात काहीच राजकारण नाही असे धरून चालतात. बंदीने पोळलेला लेखक संगीताकडे वळला, अशी सोयीची मांडणी होते. ‘मानापमान’ ज्या मंडळीसाठी लिहिले ती मुळातच संगीत नाटकांची होती, तेव्हा पदे येणारच. श्रीमंतीपेक्षा शौर्याला पसंती देणारी त्यातली नायिका भामिनी मात्र त्या ‘संगीताकडे वळलेल्या’ लेखकाचीच आहे, आणि तिचा राजकीय अर्थ लावायला तेव्हा कोणी वार्ताहर आला नाही.